जॉन न्यूपोर्ट लँग्ली

जॉन न्यूपोर्ट लँग्ली (नोव्हेंबर १८५२ – ५ नोव्हेंबर १९२५) हे इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक होते. औषधे पेशीतील ज्या विशिष्ट घटकांशी संयोग पावतात, त्या ग्राहींची कल्पना मांडणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

न्यूबरी येथे जन्मलेले लँग्ली केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात सनदी नोकरीच्या उद्देशाने गणित व इतिहास शिकत होते. मायकेल फॉस्टर यांच्या प्रभावाने ते शरीरक्रियाविज्ञानाकडे वळले. फॉस्टर यांनी त्यांना जॅबोरँडी या दक्षिण अमेरिकी वनस्पतीच्या अर्काचा अभ्यास करण्यास सांगितले. तिच्यातील पिलोकार्पीन लाळ वाढवते व बाहुली आकुंचित करते. ॲट्रोपीन याच्या नेमके उलट करते. ही दोन्ही द्रव्ये एकाच पदार्थाशी संयोग पावत असावीत, असा तर्क लँग्ली यांनी १८७८ मध्ये मांडला.

त्याला बळ मिळाले ते १९०५ मध्ये. कोंबडीच्या स्नायूकडे जाणारी तंत्रिका कापून तिचा ऱ्हास होऊ दिला, तरी निकोटीनने स्नायू आकुंचन पावे आणि क्यूरारे ते रोखे. म्हणजे औषधाचे कार्यस्थान तंत्रिकेच्या टोकात नसून स्नायुपेशीतच होते. त्या घटकाला त्यांनी ‘ग्राही पदार्थ’ म्हटले. मात्र तो कोणी पाहिला नव्हता. हेन्री डेल यांच्यासारखे श्रेष्ठ संशोधकही साशंक राहिले. लँग्लींच्या निधनानंतर सुमारे अर्धशतकाने, १९७० च्या दशकात, निकोटीनचा ग्राही शुद्ध रूपात वेगळा करता आला.

१९०३ पासून ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते. ‘स्वायत्त’ व ‘परानुकंपी’ या तंत्रिका तंत्राच्या संज्ञाही त्यांच्याच. ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’चे ते १८९४ पासून मालक व अत्यंत काटेकोर संपादक होते.

ग्राहींची संवेदनक्षमता कायम एकसारखी राहत नाही, हे पुढील संशोधकांनी दाखवले. पिलोकार्पीनसारख्या उत्तेजकाचा दीर्घकाळ मारा झाला की डोळ्यातील स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. उलट, ॲट्रोपीनने ग्राही बराच काळ अडवून धरले किंवा तंत्रिकाच निकामी झाली, तर तेच स्नायू अतिसंवेदनशील होतात. ‘एडीची बाहुली’ या विकाराचे निदान याच गुणावर करतात: सुमारे ०.१ टक्का इतक्या सौम्य पिलोकार्पीनच्या थेंबाने निरोगी बाहुली जवळपास हलत नाही, पण विकारग्रस्त बाहुली स्पष्टपणे लहान होते.