कौन्सिलचे सभासद डॉ. आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेताच संविधान सभा आणि मसुदा समिती डोळ्यांसमोर येते. पण मसुद्याचे कलम न् कलम तपासणे, समितीत एकटे पडलो तर वेगळे मत लेखी नोंदवणे, हा सराव त्यांनी त्याआधी वीस वर्षे मुंबई प्रांताच्या विधिमंडळात सुरू केला होता. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद म्हणून शपथ घेतली. ते निवडून आलेले नव्हते. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्यांची नेमणूक केली होती.

१९१९च्या कायद्याने मध्यवर्ती सरकारचे काही अधिकार प्रांतांकडे आले होते, तेही अर्धेमुर्धे. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, अबकारी ही 'सोपीव' खाती कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे, तर अर्थ, जमीन महसूल आणि पोलिस ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या हाती. मताधिकार मालमत्तेवर ठरत असे. पाठीशी पक्ष नसलेल्या सभासदाच्या हातात प्रश्न, ठराव, कपातीची सूचना आणि खासगी विधेयक एवढीच साधने उरत.

आंबेडकरांनी ती पहिल्या अधिवेशनापासून वापरली. २४ फेब्रुवारीला अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी करपद्धतीतला अन्याय दाखवला. ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्याला प्राप्तिकर माफ होतो, पण एकरभर जमिनीच्या शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा चुकत नाही. १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावरील चर्चेत त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोचतात. याच गतीने शाळेत जाण्याच्या वयाची सारी मुले शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि साऱ्या मुली यायला ३००. सरकार अबकारीतून लोकांकडून जेवढे घेते, तेवढे तरी शिक्षणावर परत खर्च करावे, ही त्यांची मागणी होती. वक्तृत्वापेक्षा अंकगणितावर त्यांचा भरवसा अधिक असे.

याच अधिवेशनाच्या दिवसांत, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याचाही धागा कौन्सिलपर्यंत जातो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव कौन्सिलने ऑगस्ट १९२३मध्येच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये तसा निर्णयही घेतला. तळे मात्र बंदच राहिले होते.

१९२८मध्ये कामगार स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणारे विधेयक दुसऱ्या एका सभासदाने आणले, तेव्हा आंबेडकरांनी त्याची जोरदार पाठराखण केली. पुढल्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यांचे स्वतःचे विधेयक इतके सुदैवी नव्हते.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला नावापुरती इनाम जमीन असे. पिढ्यांबरोबर तिचे तुकडे होत जात आणि पोटासाठी गावकऱ्यांच्या बलुत्यावर अवलंबून राहावे लागे. मोबदल्यात सरकारी कामाला चोवीस तास बांधलेले राहायचे. वतनदार स्वतः घरी नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी जावे लागे. पूर्ण सारा भरायला तयार असलेल्याची जमीन त्याच्याकडे ठेवून त्याला चाकरीतून मोकळे करावे, बलुत्याऐवजी रोख पैसे साऱ्याबरोबरच वसूल करून द्यावेत, आणि नेमके कोणते काम सांगता येईल हे कायद्याने ठरवावे, असे या विधेयकात होते. वरवर पाहता ही जमीन महसुलाची तांत्रिक दुरुस्ती. प्रत्यक्षात ती गावगाड्याच्या मुळाशीच हात घालत होती. इतक्या स्वस्तात राबणारी माणसे सुटली, तर महसूल यंत्रणेचा खर्च कोणी सोसायचा, ही सरकारची खरी चिंता होती. विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले. तिथे त्याचे रूप असे पालटले, की १९२९मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले.

समित्यांचे काम ते तरीही टाळत नव्हते. सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी नेमलेल्या प्रांतिक समितीवर कौन्सिलने त्यांना निवडले होते. काँग्रेसचा बहिष्कार असल्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. पण तिथेही ते बहुमताच्या अहवालाखाली सही करायला तयार झाले नाहीत. १७ मे १९२९ रोजी त्यांनी स्वतंत्र अहवाल सादर केला आणि प्रौढ मताधिकाराची मागणी केली.

अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या स्टार्ट समितीचेही ते सभासद होते. तिच्या कामासाठी खानदेशचा दौरा करून परतताना ते चाळीसगावला उतरले. महाराला बसवायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर वस्तीतलाच एकजण टांगा हाकायला पुढे झाला. त्याने तो कधीच हाकलेला नव्हता. मोरीवर चाक अडकले, आंबेडकर फरशीवर फेकले गेले, घोडा टांग्यासकट खाली नदीत पडला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. सरकारी समितीच्या सभासदाची ही गत होती. समितीचा अहवाल मार्च १९३०मध्ये आला.

१९३५च्या कायद्याने प्रांतांना अधिक स्वायत्तता दिली. १९३७च्या निवडणुकीत आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेत आले, ते आता एकटे नव्हते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्यात त्यांनी कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढील जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर आला. त्यात कुणबी आणि महार एकत्र चालत होते. सभागृहात केलेले काम रस्त्यावर आणि रस्त्यावरचे सभागृहात नेण्याची ही पद्धत त्या काळी नवीन होती. विधेयक मात्र मंजूर झाले नाही. वतनाचे विधेयकही त्यांनी पुन्हा आणले, तेही तसेच राहिले. १९३९च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि सभागृहाचे काम थंडावले. १९४२मध्ये आंबेडकर मजूर खात्याचे सभासद म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले.

खोती संपवणारा कायदा १९४९मध्ये झाला. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८चा. तेव्हा आंबेडकरांचे निधन होऊन दोन वर्षे होत आली होती.