पट्ट्यामागचा माणूस : चार्ल्स गुडइयर

गुडइयर म्हटलं की आपल्याला टायर आठवतो. पण ज्या माणसाचं हे नाव, त्याने जन्मात मोटारीचा टायर बनवला नाही. मोटार निघण्याआधीच तो वारला. गुडइयर कंपनी १८९८ साली फ्रँक सायबरलिंग या गृहस्थांनी अमेरिकेत ॲक्रन इथे काढली. तेव्हा चार्ल्स गुडइयरला जाऊन ३८ वर्षं झाली होती. त्याच्या घरच्यांचा कंपनीशी काही संबंध नव्हता. केवळ आदर म्हणून त्याचं नाव दिलं. नाव जगभर झालं खरं, पण हा माणूस मेला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

मी त्याच्यापर्यंत पोचलो तो बेल्टमुळे. सुट्टीतल्या ट्रेनिंगला मी रत्नागिरीत मासेमारी बोटींची डिझेल इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये महिनाभर होतो. तिथे सगळ्यात जास्त वेळा हातात आलेला पार्ट म्हणजे पिस्टन नाही, नोझल नाही, तर व्ही-बेल्ट. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून निघून पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवणारा काळा पट्टा. रस्त्यावर बेल्ट तुटला तर गाडी बाजूला लावून मेकॅनिकला फोन करता येतो. समुद्रात बाजू कुठली आणायची? पंप थांबला की थंड पाणी थांबतं, बघता बघता इंजिन तापतं आणि ते बंद केलं की बोट वाऱ्याच्या हवाली. एवढं सगळं ज्या रबरावर अवलंबून, त्या रबराला वळण लावलं कोणी, हे शोधताना लायब्ररीत गुडइयर भेटला.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. वडील अमासा गुडइयर बटणं, शेतीची अवजारं असलं हार्डवेअर बनवून विकायचे. पोरगा चौदाव्या वर्षी फिलाडेल्फियाला धंदा शिकायला गेला आणि परत येऊन वडिलांचा भागीदार झाला. १८२४ साली क्लॅरिसा बीचरशी लग्न केलं. पुढे फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. चाललंही, पण उधारीत बुडालं. १८३० च्या सुमाराला दिवाळं निघालं. त्या काळी कर्ज फेडलं नाही की सरळ तुरुंग. तेव्हापासून तुरुंगात जाणं-येणं हे गुडइयरच्या आयुष्यात आपल्या केटीसारखं झालं. एक सुटली की दुसरी लागलेलीच.

१८३४ साली तो न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात शिरला. तिथे बुडणाऱ्याला तरंगत ठेवणारे, हवेने फुगवायचे रबरी पट्टे विकायला होते. त्याची हवा भरायची झडप त्याला भिकार वाटली. घरी येऊन त्याने चांगली झडप बनवली आणि ती विकायला परत गेला. मॅनेजरने झडपेचं कौतुक केलं, पण घ्यायला नकार दिला. कारण झडपेत नव्हतं, रबरात होतं. उन्हाळा आला की कंपनीचा माल वितळून चिकट, वास मारणारा गोळा होऊन गिऱ्हाइकांकडून परत यायचा; थंडीत तोच माल दगडासारखा कडक होऊन तडकायचा. अमेरिकेत रबराच्या कंपन्या धडाधड निघाल्या होत्या, तशाच त्या धडाधड बसत होत्या. ज्याला केमिस्ट्रीचा गंध नाही अशा या माणसाने ठरवलं की हा प्रश्न आपण सोडवायचा.

पहिले प्रयोग झाले ते फिलाडेल्फियाच्या तुरुंगात. कच्चं रबर तेव्हा स्वस्त होतं. बायकोकडून पोळपाटावरचं लाटणं मागवलं आणि रबर मळायला बसला. त्याचा तर्क साधा होता : चिकटपणा म्हणजे ओल, मग कोरडी पावडर मिसळली की चिकटपणा जाईल. मॅग्नेशिया घातला. रबर पांढरंशुभ्र, मऊ झालं. घरच्यांना कामाला लावून बूट बनवले. उन्हाळा आला, बूट वितळले. मग चुना उकळून पाहिला. मग नायट्रिक ॲसिड. ॲसिडने वरचा थर चांगला झाला म्हणून १८३७ साली पेटंट मिळालं, भांडवलदार भेटला आणि त्याच वर्षीच्या बँकांच्या दिवाळखोरीत तो भांडवलदारच बुडाला. स्टेटन आयलंडवरच्या बंद पडलेल्या रबर फॅक्टरीत बायकापोरांना घेऊन राहायची पाळी आली.

पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नला त्याला नॅथॅनिएल हेवर्ड भेटला. हा माणूस रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवायचा. गुडइयरने त्याचा हक्क विकत घेतला. तेवढ्यात सरकारची १५० टपालपिशव्यांची ऑर्डर आली. पिशव्या झकास झाल्या, पेपरात नाव आलं. गरम हवेत टांगून ठेवलेल्या त्या पिशव्या काही दिवसांतच लोंबून फाटल्या. वरचा थर पक्का होता, आतलं रबर कच्चंच राहिलं होतं. आता मात्र मित्रांनीही हात टेकले.

१८३९ च्या हिवाळ्यात वोबर्नमध्ये ती प्रसिद्ध गोष्ट घडली. गंधक घातलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. वितळायच्या ऐवजी तो चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला एक पट्टा असा होता की जो ना वितळला ना जळला, नुसता लवचिक राहिला. तो तुकडा रात्रभर बाहेर थंडीत खिळ्याला ठोकून ठेवला. सकाळीही तो वाकत होता. लोक याला अपघात म्हणतात. मला ते पटत नाही. पाच वर्षं रबर मळलेल्या माणसाच्याच नजरेला करपलेल्या तुकड्याची ती कड दिसते. दुसऱ्या कोणी तुकडा चुलीत टाकला असता.

इथे आपल्या केमिस्ट्रीच्या जर्नलचा संबंध येतो. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्या, शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकीत गुंतलेल्या, पण कुठेही बांधलेल्या नाहीत. उष्णतेत त्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून रबर वितळतं. गंधक आणि उष्णता मिळून या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात. आता ताणलं तर साखळ्या लांबतात, सोडलं की पूल त्यांना परत जागेवर ओढतात. पूल कमी पडले तर रबर चिकट, जास्त झाले तर एबोनाइटसारखं टणक. गुडइयरला यातलं काही माहीत नव्हतं. रेणूंच्या साखळ्यांची कल्पना विसाव्या शतकातली.

म्हणून योग्य तापमान सापडायला आणखी वर्षं गेली. मालकिणीची शेगडी, शेजाऱ्याची भट्टी, लोहाराचा भाता, जिथे आच मिळेल तिथे तो रबराचे तुकडे घेऊन जायचा. घरातली भांडीकुंडी गेली, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. त्या दिवसांत त्याचा लहान मुलगा गेला, तेव्हा अंत्यविधीला घरात पैसे नव्हते. शेवटी दाबाखालची वाफ, सुमारे १३२ अंश सेल्सियस, चार ते सहा तास हे गणित जमलं. १५ जून १८४४ रोजी अमेरिकन पेटंट मिळालं.

पण नमुने आधीच इंग्लंडला पोचले होते. तिथे थॉमस हॅनकॉकने ते पाहिले, गंधकाचा माग काढला आणि गुडइयरच्या अर्जाआधीच १८४३ साली ब्रिटिश पेटंटसाठी नंबर लावला. व्हल्कनायझेशन हे नावही हॅनकॉकच्या मित्राने, विल्यम ब्रॉकडनने, रोमन अग्निदेव व्हल्कनवरून दिलेलं. अमेरिकेत होरेस डे याच्याशी १८५२ साली मोठा खटला झाला. गुडइयरच्या बाजूने वकील होते त्या वेळचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर, फी १५ हजार डॉलर. खटला जिंकला. पण परवाने त्याने इतक्या कमी रॉयल्टीवर दिले होते की परवानेवाले श्रीमंत झाले आणि हा कर्जातच राहिला.

आता आपल्या बेल्टकडे वळतो. त्या काळी गिरण्यांत यंत्रं फिरवायला चामड्याचे सपाट पट्टे असत. व्हल्कनाइझ केलेलं रबर आलं आणि कापडावर रबर चढवलेले पट्टे बनू लागले. पुढे १९१७ च्या सुमारास डेन्व्हरच्या जॉन गेट्सने व्ही आकाराचा बेल्ट आणला. बोटीच्या इंजिनावर आज आपण बदलतो तो याच घराण्यातला. ट्रेनिंगमध्ये मला बेल्टबद्दल ज्या गोष्टी कळल्या, त्या सगळ्या गुडइयरच्या शेगडीपाशी जाऊन पोचतात.

पहिली गोष्ट, बेल्ट म्हातारा कसा होतो? इंजिनरूमच्या उष्णतेत रबराची भट्टी थांबतच नाही. पूल वाढत जातात, हवेतला ऑक्सिजन साखळ्या तोडत जातो. बाजू काचेसारख्या चकाकतात, आतून आडव्या चिरा पडतात. चकाकलेला बेल्ट घसरतो, घसरला की तापतो, तापला की आणखी कडक होतो. म्हणून वर्कशॉपमधले चाचा बेल्ट आधी उलटा वाकवून बघायचे. चिरा दिसल्या की तो बदलायचाच. तेल लागून फुगलेला बेल्टही पुसून परत लावायचा नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेच्या दोन बाजूंना घट्ट बसून ओढतो, तळाला टेकत नाही. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर समजायचं की बेल्ट झिजलाय किंवा चुकीच्या मापाचा आहे. ए सेक्शनची वरची रुंदी १३ मिलिमीटर, बी सेक्शनची १७. लांबी जुन्या बेल्टवर टेप लावून ठरवायची नाही, कारण तो ताणलेला असतो. इंजिनच्या पुस्तकातला किंवा बेल्टवर छापलेला नंबर बघायचा. पुली लहान असेल तर आतून दातेरी बेल्ट चांगला, तो कमी तापतो. दोन बेल्टची जोडी असेल तर दोन्ही एकदम बदलायचे, नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो.

तिसरी गोष्ट बसवण्याची. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून बेल्ट हाताने चढवायचा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून चढवला तर आतले दोर तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही. खाऱ्या हवेने पुलीवर गंज चढतो आणि तो सँडपेपरसारखा बेल्ट खातो, म्हणून पुली आधी घासून घ्यायची. पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघायचं. इंजिनभोवती काळी भुकटी पडत असेल तर दोष बहुतेक इथेच असतो. साधारण इंजिनात दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट सेंटीमीटरभर दबला पाहिजे. सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर पंपाचं बेअरिंग जातं. नवा बेल्ट काही तास चालवून पुन्हा ताणायचा. आणि त्याच नंबरचा एक जादा बेल्ट, पान्यासकट, बोटीत ठेवायचा.

एक गंमत सांगतो. आज बरेच बेल्ट निओप्रिन या कृत्रिम रबराचे असतात. ते पक्कं करायला झिंक ऑक्साइडबरोबर जे घालतात, ते म्हणजे मॅग्नेशिया. गुडइयरचे पहिले बूट ज्याने वितळले तीच पावडर! त्याच्या रबराला ती उपयोगी नव्हती, या रबराला आहे.

गुडइयरचा शेवट मात्र गंमतीचा नाही. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याने फर्निचरपासून सगळं रबराचं असलेलं दालन उभारलं, ३० हजार डॉलर खर्चून. १८५३ साली क्लॅरिसा इंग्लंडमध्येच गेली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात पुन्हा तोच थाट. फ्रेंच पेटंट रद्द झालं, पैसे थांबले आणि डिसेंबरात त्याला कर्जापायी क्लिशीच्या तुरुंगात टाकलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने दिलेला लीजन ऑफ ऑनरचा क्रॉस त्याला तुरुंगात मिळाला. १ जुलै १८६० रोजी, आजारी मुलीला भेटायला जात असताना, न्यूयॉर्कमध्ये तो वारला.

आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला. एक म्हणतो, असा ध्यास हवा. दुसरा म्हणतो, पोरांची पुस्तकं विकणाऱ्याचं कसलं कौतुक? मला दोघांचंही पटतं. त्याच्या चिकाटीला तोड नाही, पण तिची किंमत त्याने एकट्याने मोजली नाही. क्लॅरिसाने आणि मुलांनी जास्त मोजली, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रॉयल्टीचे पैसे पुढे घरच्यांना मिळाले, तोपर्यंत क्लॅरिसा नव्हती. चार्ल्सचं नाव टायरवर आहे. पहिला प्रयोग ज्यावर झाला ते लाटणं क्लॅरिसाचं होतं, हेही आपण व्हल्कनायझेशन शिकताना लक्षात ठेवलेलं बरं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी