जॉर्ज हेवेशी : शरीरात गेलेल्या अणूंचा माग काढणारा शास्त्रज्ञ

वसई-विरारहून डहाणूच्या दिशेने निघालं की बोईसर लागतं. तिथून जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. तिथल्या 3 आणि 4 क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत जड पाणी वापरतात आणि त्यात ट्रिटियम हे हायड्रोजनचं किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होतं. अशा भट्ट्यांत काम करणाऱ्यांच्या शरीरात ते किती गेलं, हे लघवीच्या नमुन्यावरून काढतात. एवढ्याशा नमुन्यावरून संपूर्ण शरीराचा हिशेब कसा लागतो? या विचाराची सुरुवात केली जॉर्ज हेवेशी यांनी.

हेवेशींचा जन्म 1 ऑगस्ट 1885 रोजी बुडापेस्टमध्ये झाला. 1911 मध्ये ते मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्याकडे गेले. तिथे त्यांना काम मिळालं ते शिशातून ‘रेडियम डी’ वेगळं काढण्याचं. खूप प्रयत्न करूनही ते जमलं नाही, कारण रेडियम डी हा शिशाचाच किरणोत्सर्गी भाऊ होता. मग त्यांनी उलटा विचार केला. वेगळं होत नसेल, तर तेच खूण म्हणून वापरायचं! 1923 मध्ये त्यांनी याच युक्तीने रोपांमध्ये शिसं कुठे जातं, हे शोधलं.

1934 मध्ये होफर यांच्यासोबत त्यांनी माणसाला सौम्य जड पाणी प्यायला देऊन पाहिलं. हे पाणी किरणोत्सर्गी नसतं, पण ओळखता येतं. पाण्याचा रेणू शरीरात सरासरी सुमारे 13 दिवस राहतो, असं दिसलं.

ट्रिटियमचा हिशेब इथेच सुटतो. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं आहे. पण ते पाण्यासोबत फिरतं, म्हणून साधारण 10 दिवसांत निम्मं बाहेर पडतं. लघवीतलं आणि शरीरातल्या पाण्यातलं प्रमाण जवळपास सारखं असतं. म्हणजे शरीर ही एक टाकी समजून गणित मांडता येतं. आयोडीन मात्र थायरॉईडमध्ये साठतं, स्ट्रॉन्शियम हाडांत. त्यांच्यासाठी टाकीत वेगळे कप्पे धरावे लागतात.

ज्यू वंशाच्या हेवेशींना नाझी राजवटीमुळे 1934 मध्येच जर्मनी सोडावी लागली. कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत त्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस उंदरांना दिला. हाडांतले अणूही सतत बदलत असतात, हे त्यातून समजलं. पुढे तिथूनही निघून ते स्वीडनला गेले. माग काढण्याच्या याच पद्धतीसाठी त्यांना 1943 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

5 जुलै 1966 रोजी त्यांचं निधन झालं. थायरॉईडच्या रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन किती द्यायचं, हे ठरवतानाही आज हाच प्रश्न विचारला जातो: किती गेलं, कुठे थांबलं आणि कधी बाहेर पडलं?