कार्ल लांगेनबुख

कार्ल योहान आउगुस्ट लांगेनबुख (२० ऑगस्ट १८४६, कील – ९ जून १९०१, बर्लिन) हे जर्मन शल्यचिकित्सक होते. पित्ताशय काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी केली.

कारकीर्द

कील येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते बर्लिनला गेले. १८७३ साली, तरुण वयातच, ते तेथील लाझारस रुग्णालयाचे संचालक झाले.

पित्ताशयाची शस्त्रक्रिया

त्या काळी पित्ताशयाला छेद देऊन खडे काढले जात. पित्ताशय मात्र तसेच ठेवले जाई. त्यामुळे खडे व दाह पुन्हा उद्भवत. खडे जेथे तयार होतात तो अवयवच काढावा, असे लांगेनबुख यांचे मत होते. हत्तीसारख्या काही प्राण्यांना पित्ताशय नसते आणि जुन्या प्रयोगांत पित्ताशय काढलेले कुत्रे जगले होते, हे त्यांना ठाऊक होते. आधी त्यांनी मृतदेहांवर सराव केला.

१५ जुलै १८८२ रोजी त्यांनी ४३ वर्षांच्या एका पुरुषावर ही शस्त्रक्रिया केली. तो १६ वर्षे पोटशूळाने त्रस्त होता व वेदनेपायी त्याला मॉर्फीनची सवय लागली होती. त्याचे पित्ताशय दाहामुळे जाड झाले होते व त्यात दोन खडे होते. सुमारे सहा आठवड्यांनी तो बरा होऊन घरी गेला.

प्रभाव

इंग्लंडमधील शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी या पद्धतीला विरोध केला. तरीही पुढे तीच रूढ झाली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात प्रथमच दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले.