सरोवरातील घंटा

सोनार म्हटला की आम्हां पेडणेकरांना दागिने घडविणारा शेट आठवतो. जहाजावरचा सोनार निराळा. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावरून परतलेला प्रतिध्वनी टिपतो आणि मधल्या वेळावरून खोली काढतो. पण त्यासाठी पाण्यातील ध्वनीचा वेग ठाऊक हवा. तो नेमका मोजणाऱ्या माणसाचे चरित्र वाचले आणि वाणिज्य शाखेचा असूनही मी लिहावयास बसलो.

ज्याँ-दानिएल कोलादों यांचा जन्म 15 डिसेंबर 1802 रोजी जिनिव्हा येथे झाला. शिक्षण कायद्याचे, ओढ मात्र विज्ञानाची. 1826 साली त्यांनी जिनिव्हा सरोवरात 13,487 मीटर अंतरावर दोन नावा उभ्या केल्या. रात्री एका नावेखाली पाण्यात बुडविलेल्या घंटेवर ठोका पडे. त्याच क्षणी वर दारूचा भडका उडे. दुसऱ्या नावेत कोलादों पाण्यात सोडलेल्या लांब कर्ण्याला कान लावून बसत. उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सुमारे 9.4 सेकंद लागत. 8 अंशांच्या त्या पाण्यात वेग निघाला सेकंदाला 1435 मीटर. 1827 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांना व त्यांचे सहकारी गणितज्ञ स्टुर्म यांना पारितोषिक दिले. पुढे ते प्राध्यापक झाले. आल्प्समधील गोट्हार्ड बोगद्याच्या खोदाईसाठी त्यांनी दाबलेल्या हवेची यंत्रे उभारली. 30 जून 1893 रोजी ते निवर्तले.

आज त्या दोन नावांचे अंतर काही सेंटिमीटरांवर आले आहे. वेग मोजणाऱ्या प्रोबमधून निघालेला ध्वनी समोरच्या पट्टीवर आपटून परततो. लागलेल्या वेळावरून वेग निघतो आणि तो आकडा तारेने सोनारला पोहोचतो. ही जोडणी सुटली व जुनाच आकडा राहिला, तर सोनार चालू राहतो, पण चुकीची खोली सांगतो. पावसाळ्यात तेरेखोल-शापोऱ्याच्या मुखाशी खाऱ्यावर गोडे पाणी चढते. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात या दोहोंतील वेगात सेकंदाला सुमारे 35 मीटरांचा फरक असतो. गोड्या पाण्याला खाऱ्याचा वेग लावला, तर 20 मीटर खोली सुमारे अर्धा मीटर जास्त दिसेल.

अर्धा मीटर म्हणजे हातभर. माझे आजोबा डिचोलीचे खनिज वाहणाऱ्या बार्जवर होते. हातभर पाणी कमी पडले की बार्ज वाळूत रुते आणि भरतीची वाट पाहावी लागे.

मित्रहो, व्याजाचा दर चुकीचा धरून मी एकदा संपूर्ण गणित सुबक अक्षरात सोडविले होते. बेरीज-वजाबाकी बिनचूक, उत्तर शून्य गुणांचे. कोलादोंनी आधी दर पक्का केला. हिशेब पुढच्यांनी मांडला.