बाबूराव पेंटर : प्रमाणपत्र न देणारी शाळा

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा एक स्तंभ आहे. महाद्वार रोड, मिरजकर तिकटी या भागात ये-जा असणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच्या शेजारून कितीदा तरी गाडी नेली असेल. दरवर्षी १ डिसेंबरला कोल्हापुरातली सिनेमावाली मंडळी तिथे जमतात, पूजन करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तो कॅमेरा कोणाचा, असं विचारलं तर बाबूराव पेंटर हे नावही बहुतेकांना सांगता येतं. पण स्मरणिकेसाठी मी त्यांची निवड केली ती सिनेमासाठी नाही. आपल्या बॅचमधले निम्मे लोक आता कोणाला ना कोणाला तरी शिकवतात. कोणी वर्गात, कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात, माझ्यासारखे काही कॉम्प्युटरसमोर. बाबूराव स्वतः कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. तरी त्यांच्या हाताखालून जी माणसं बाहेर पडली, तशी एखाद्या मोठ्या महाविद्यालयातूनही क्वचितच पडतात. हे कसं घडलं, हे मला समजून घ्यायचं होतं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात कारागिरी होती. लाकूड, धातू, रंग आणि हत्यारं ही त्यांची पहिली पाटी. चित्रकला आणि शिल्पकला ते पाहून, करून आणि पुसून पुन्हा करून शिकले. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. हे दोघे इतकी चित्रं रंगवत, की मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि दोघेही पेंटर झाले.

ते दिवस संगीत नाटकाचे होते. कोल्हापूर शाहू महाराजांचं, कुस्तीबरोबर नाटकाला, गाण्याला आणि चित्रकलेला आधार देणारं. १९१० ते १९१६ या काळात या दोघांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि पश्चिम भारतात त्यांचं नाव झालं. राजवाडा, बाग, रस्ता हे सगळं एका सपाट कापडावर उभं करायचं, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खोल दिसलं पाहिजे. हे काम एकट्याने होत नाही. रंग कालवणारे, कापड ताणणारे, रेषा भरणारे असे हात लागतात. त्या हातांमध्ये कागलचे शेख फत्तेलाल होते आणि पेणहून आलेले विष्णुपंत दामले होते. दोघे आनंदरावांच्या हाताखाली शिकायला म्हणून आले. ही या शाळेची पहिली तुकडी.

१९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पडदे रंगवणाऱ्या या भावांना हलणाऱ्या पडद्याने वेड लावलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर विकत आणला आणि सिनेमाचे खेळ लावायला सुरुवात केली. माझ्यासारख्या इंजिनिअरला यातला प्रोजेक्टर फार महत्त्वाचा वाटतो. सिनेमाचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्या पोटात एकच कल्पना असते. फिल्मची पट्टी सलग सरकत नाही. ती एक चौकट पुढे जाते, क्षणभर थांबते, पुन्हा एक चौकट पुढे जाते. थांबली असताना झडप उघडायची, सरकताना मिटायची. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा वेळा हे घडायचं, आणि तेही हाताने दांडा फिरवून. हा थांबा जरा चुकला की चित्र पुसट येतं. ज्याने प्रोजेक्टर चालवला, बिघडल्यावर उघडला आणि जोडून पुन्हा चालवला, त्याला कॅमेऱ्याचं निम्मं गणित आपोआप कळलेलं असतं. आमच्या धंद्यात याला 'रिव्हर्स इंजिनिअरिंग' असं भारदस्त नाव आहे. उद्यमनगरात याला नाव नाही, तिथे ते रोजच चालतं.

कॅमेरा घडवण्याची खटपट चालू असतानाच, १९१६ साली आनंदराव गेले. भाऊ गेला, जोडीदार गेला आणि अर्धवट यंत्र मागे राहिलं. इथे हा विषय संपला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण बाबूरावांनी दामल्यांना बरोबर घेऊन काम पुढे नेलं आणि १९१८ साली चालणारा कॅमेरा तयार झाला. एक लक्षात घ्या, या दोघांपैकी एकानेही इंजिनिअरिंगचं पुस्तकी शिक्षण घेतलेलं नव्हतं. दामले पडदे रंगवायला शिकण्यासाठी आले होते. गुरूला जे येत नव्हतं, ते गुरू आणि शिष्य एकत्र शिकले. माझ्या मते त्या शाळेचं बळ यातच होतं. शिकवणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असेल तर शिकणारा त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. दोघांनाही उत्तर माहीत नसेल तर दोघे वस्तूकडे बघतात.

याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा हवा होता, तो गायिका तानीबाई कागलकर यांनी दिला. १९२० साली 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला, की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामतीच्या भूमिकेत पुरुषाला उभं करावं लागलं होतं. 'सैरंध्री'त स्त्रिया होत्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं.

इथे मी थोडी थांबते. या शाळेला बाईने पैसा दिला, बायांनी चेहरा दिला, पण कॅमेऱ्याच्या दांड्यापाशी मी ज्यांची नावं वाचली ती सगळी पुरुषांची. शंभर वर्षांपूर्वीचा काळ होता, हे मला कळतं. पण आपल्या लहानपणीही अनेक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी असायची. मी करवत पहिल्यांदा हातात धरली ती इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, वर्कशॉपच्या खाकी कोटात. कारखान्यात शिकणं फार चांगलं, पण आत कोणाला घेतात हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

कंपनीतली कामाची रीत कशी होती? मुख्य म्हणजे, तिथे सराव वेगळा आणि काम वेगळं असं नव्हतंच. चित्रीकरणाआधी बाबूराव पोशाखांची, हालचालींची, पात्रांची चित्रं काढून ठेवत. शिकणाऱ्याला ती बघायला मिळत आणि तोच प्रसंग उभा राहतानाही दिसे. रंगवलेल्या पडद्यांवर ज्यांनी नाव कमावलं होतं, त्यांनीच ते पडदे सोडून खऱ्या भिंतींची, खोली असलेली नेपथ्यं उभारली. १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीची दृश्यं घेतली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'ला लंडनच्या वेंब्ली प्रदर्शनात पदक मिळालं. सिनेमाची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. म्हणजे चित्रकाराचा हात शेवटपर्यंत सुटला नाही.

१९२० साली या कंपनीत एक पोरगा आला. कोल्हापूरचाच, वय अठरा-एकोणीस. त्याआधी त्याने हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं होतं आणि एका सिनेमागृहात दारावर उभं राहूनही झालं होतं. त्याचा मावसभाऊ बाबूराव पेंढारकर कंपनीत होता, त्या ओळखीने तो आत शिरला. पडेल ते काम करायचं, अगदी झाडण्यापुसण्यापासून, एवढंच त्याच्या वाट्याला होतं. तिथून तो १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण झाला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी झाला. १९२७ साली 'नेताजी पालकर'चं दिग्दर्शन त्याच्याकडे आलं. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. झाडू ते दिग्दर्शन, फक्त सात वर्षांत. मधे कोणती परीक्षा नव्हती. प्रत्येक पायरीवर फक्त एक खरं काम होतं, आणि ते बिघडलं असतं तर कंपनीचं नुकसान झालं असतं.

'सावकारी पाश'वर एक वाक्य जास्त लिहिलं पाहिजे. पडद्यावर देवादिक आणि राजेरजवाडे होते, तेव्हा बाबूरावांनी कर्जात बुडालेला कुणबी आणि त्याचं खोपट दाखवलं. धंदा झाला नाही. आज मात्र भारतीय सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव सर्वांत आदराने निघतं ते याच चित्रपटासाठी.

आणि मग १९२९ साल आलं. दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे कंपनीतून बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी भांडवल घेऊन आले आणि १ जून १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. ज्यांना हाताला धरून शिकवलं ते एकदम गेले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार वर्षं टिकली नाही.

ज्यांनी टीम सांभाळली आहे त्यांना हे दुखणं ठाऊक असेल. दोन वर्षं शेजारी बसवून एखाद्याला तयार करावं आणि एका सोमवारी त्याचा राजीनामा यावा. तेव्हा व्यवस्थापनातले लोक हमखास विचारतात, की शिकवून उपयोग काय झाला? हिशेबाच्या वहीत याचं उत्तर खरोखरच नाही. बाबूरावांच्या बाबतीत तर फारच मोठी किंमत मोजावी लागली. कंपनी गेली. बोलपट आले, तेव्हा बाजी दुसऱ्यांच्या हातात होती. ही किंमत गोड शब्दांनी झाकू नये.

पण दुसऱ्या बाजूला काय उभं राहिलं तेही बघा. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. पडदे रंगवायला आलेले दामले तिथे ध्वनिमुद्रण शिकले आणि त्यांनी ते सांभाळलं. कोणी शिकवायला नव्हतं, पण न येणारं यंत्र उघडून बसायची सवय होती. फत्तेलालांनी कलादिग्दर्शन पाहिलं. या दोघांनी मिळून केलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. ती बंद पडल्यावर त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी आज देशभर एफटीआयआय म्हणून ओळखली जाते. ज्या परंपरेची सुरुवात प्रमाणपत्र नसलेल्या माणसाच्या कारखान्यात झाली, तिच्या जागेवर आज प्रवेशपरीक्षा घेतली जाते. मी याला विनोद म्हणणार नाही. कारखान्यातून संस्था उगवतात, त्या उलट क्रमाने उगवत नाहीत, एवढंच यातून दिसतं.

बाबूराव नंतर रिकामे बसले नाहीत. 'उषा', 'प्रतिभा', 'लोकशाहीर राम जोशी', आणि १९५२ साली 'विश्वामित्र' असे मोजके चित्रपट त्यांनी केले. 'राम जोशी' तर शांतारामांच्या संस्थेसाठी. म्हणजे शिष्याच्या घरी गुरू कामाला गेले, आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटला नाही. चित्र आणि शिल्प हे तर चालूच होतं. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच ते गेले.

आता आपल्याबद्दल. हल्ली कार्यशाळा आणि शिबिरं यांची कमी नाही. मेच्या सुट्टीत प्रत्येक चौकात फलक असतो. दोन दिवस, चहा-नाश्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. माझ्या क्षेत्रातही प्रशिक्षणाच्या खोलीत सहा आठवडे बसलेली मुलं खऱ्या कामासमोर बिचकतात, आणि एखाद्या रात्री बंद पडलेली सिस्टीम चालू करताना शेजारी बसली की एकदम शिकतात. फरक विषयाचा नाही. पहिल्या ठिकाणी चुकलं तरी कोणाचं काही अडत नाही, दुसऱ्या ठिकाणी अडतं.

म्हणून आपल्या बॅचने शाळेला देणगी देण्याबरोबर आणखी एक करावं, असं मी सुचवते. मे महिन्यात शाळेची एक खोली तीन आठवडे मागून घेऊ. त्यात बंद पडलेले कॉम्प्युटर, मिक्सर, पंखे, एखादं जुनं दुचाकीचं इंजिन आणून टाकू. उद्यमनगरात ज्यांची लेथ आहे त्यांनी आठवड्यातून एक सकाळ द्यावी, मी पुण्याहून दर शनिवारी येते. पंधरा मुलं घेऊ, त्यात निम्म्या मुली. शाळेतलीच नादुरुस्त यंत्रं दुरुस्त करायची, म्हणजे जूनमध्ये पंखा फिरला की नाही हे सगळ्या शाळेला कळेल. प्रमाणपत्र द्यायचं नाही. आणि त्यातली मुलं पुढे आपल्यापेक्षा मोठी झाली, आपलं नाव घ्यायला विसरली, तरी खोली पुढच्या मे महिन्यात उघडायची.

ज्यांना यायचं आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी मला भेटा. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर कोण आणणार, हे तेव्हाच ठरवून टाकू.