वरळीच्या किराणा दुकानदाराचं नाव गोंदियाच्या सट्टापट्टीवर कसं आलं?

विदर्भातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा. आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी हमखास सापडते. वरली मटक्यावर धाड, अमुक इतके रुपये रोख, एक डॉटपेन आणि सट्टापट्टी जप्त. गोंदिया, तिरोडा, आमगाव, गाव कुठलंही असो, मजकूर ठरलेला.

पण मुंबईतली वरळी गोंदियापासून जवळपास हजार किलोमीटरवर. झाडीपट्टीतल्या पानटपरीवर लागणाऱ्या आकड्याला तिचं नाव का?

उत्तर आहे कल्याणजी भगत.

कल्याणजी मूळचे कच्छचे. रताडिया नावाच्या गावातलं शेतकरी घर. त्यांचं मूळ आडनाव गाला. घराणं इतकं देवभोळं की कच्छच्या राजाने त्यांना भगत, म्हणजे भक्त, ही पदवी दिली असं सांगतात. पुढे तेच आडनाव झालं. भक्तीसाठी मिळालेलं नाव पुढे जुगारासाठी देशभर गाजलं, हा योग जरा वेगळाच.

1941 मध्ये ते मुंबईत आले. हाती भांडवल नव्हतं. मिळेल ते काम केलं, फिरून मसाले विकले, मग किराणा दुकान सांभाळलं. साठच्या दशकात ते वरळीत दुकान चालवत होते. वरळी, परळ, लालबाग म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार, भोंग्यावर चालणारं आयुष्य, महिन्याला ठरलेला पगार. किराणा दुकानदाराला कुणाच्या घरात किती पैसा येतो आणि महिनाअखेरीला किती उरतो, हे घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. कल्याणजींचं पुढचं सगळं या माहितीवर उभं राहिलं असावं, असं मला वाटतं.

तेव्हा मुंबईत आकड्याचा जुगार होताच, फक्त मडकं नव्हतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला हे तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचं. त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. आजही मटक्यात ओपन आणि क्लोज म्हणतात ते तिथूनच आलं. कल्याणजीही याच भावांवर पैसे घ्यायचे. वरळीतल्या विनोद महल या आपल्या इमारतीच्या आवारातून त्यांचं काम चालायचं.

1961 मध्ये न्यूयॉर्कहून येणाऱ्या भावांचा हा आधार तुटला. आकडा यायचा बंद झाला, पण लावणारे थांबायला तयार नव्हते. मग आकडा इथेच काढायचं ठरलं. चिठ्ठ्यांवर अंक लिहून मडक्यात टाकायचे आणि एक चिठ्ठी उचलायची. मटका हे नाव त्या मडक्याचं. पुढे मडक्याच्या जागी पत्ते आले, नाव मात्र तेच राहिलं.

1962 मध्ये कल्याणजींचा वरळी मटका सुरू झाला. दोन वर्षांनी कराचीहून आलेल्या रतन खत्रींनी नियमांत थोडे बदल करून न्यू वरळी मटका काढला. पुढे जास्त गाजले ते खत्रीच. आणीबाणीत ते 19 महिने तुरुंगात होते. 1975 च्या धर्मात्मा सिनेमातलं प्रेमनाथचं पात्र त्यांच्यावर बेतलंय असं म्हणतात. कल्याणजींवर फारसं कुणी लिहिलं नाही. पण पाया त्यांचा होता.

आता खेळ समजून घेऊ, कारण खरी मेख तिथेच आहे.

समजा पत्ते निघाले 3, 4 आणि 8. हा झाला पाना, 348. बेरीज 15, तिचा शेवटचा अंक 5. हा ओपनचा आकडा. नंतर पुन्हा तीन पत्ते निघतात आणि क्लोजचा आकडा ठरतो. समजा तो 2 आला, तर जोडी झाली 52. तुम्ही नुसत्या आकड्यावर, जोडीवर किंवा पानावर पैसे लावू शकता.

नुसत्या आकड्याचा सर्वसाधारण दर एका रुपयाला नऊ. शक्यता मात्र दहा, शून्यापासून नऊपर्यंत. म्हणजे दहा माणसांनी दहा वेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर गल्ल्यात आले दहा, गेले नऊ आणि एक राहिला. जोडीचंही तेच, शंभर शक्यता आणि रुपयाला नव्वद. पानात हिशेब आणखी उतरतो. तीन वेगळे अंक असलेला पाना ढोबळमानाने हजारात सहा वेळा लागतो आणि मिळतात रुपयाला 140-150. 140 चा दर धरला तर हजार रुपये लावणाऱ्याच्या हातात सरासरी 840 परत येतात.

एकाच आकड्यावर सगळे तुटून पडले तर? मग छोटा बुकी आपला बोजा मोठ्या बुकीकडे उतरवतो. लगवाडी, खायवाडी हे आपल्याकडच्या पोलीस बातम्यांतले शब्द याच साखळीचे.

कोणता आकडा येणार हे कल्याणजींना ओळखायची गरज कधीच नव्हती. ओळखायचं काम त्यांनी लोकांना दिलं. लोकांनी ते मनापासून केलं. कुणी स्वप्नात साप दिसला म्हणून आकडा काढला, कुणी एसटीच्या नंबरवरून, तर कुणी जुने चार्ट वहीत उतरवून त्यात चाल शोधली. पत्त्यांना काल काय निघालं हे आठवत नसतं, पण चार्ट मांडून बसलेल्या माणसाला हे सांगून बघा! माझ्या नात्यातल्या एका काकांकडे अशी वही होती. त्यातलं अक्षर इतकं सुंदर की शाळेत बक्षीस मिळावं. त्या वहीपायी त्यांच्या वाटणीचं धानाचं बांधीतलं शेत गेलं.

कल्याणजींचा मटका आठवड्याचे सातही दिवस चालायचा. आकडा फोनने गावोगाव जायचा. जिथे फोन आणि पानटपरी, तिथे वरळी पोहोचली. 1887 चा जुगारबंदी कायदा तेव्हाही होता, आजही आहे. पुढे 1982 च्या संपाने गिरण्या बसल्या आणि मटक्याचा घरचा गिऱ्हाईकच देशोधडीला लागला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कल्याणजी गेले. धंदा मुलाकडे, सुरेश भगतकडे आला. 2008 मध्ये अलिबाग-पेण रस्त्यावर ट्रकने त्याच्या गाडीला धडक दिली आणि तो ठार झाला. तो अपघात घडवून आणलेला होता. 2013 मध्ये कोर्टाने या खुनात त्याची बायको आणि मुलगा यांनाही दोषी ठरवलं. भांडण होतं ते कल्याणजींनी उभ्या केलेल्या त्याच गल्ल्याचं.

इकडे गोंदियात सट्टापट्टीच्या जागी मोबाईल आला. जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं जप्त केलं. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती की ऑनलाइन जुगारात आपले 58 कोटी गेले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. तरी परदेशी साइटच्या लिंक फिरतातच. त्यात क्रिकेट असतं, टेनिस असतं आणि ज्याचं मैदान आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही ते गोल्फही असतं.

गोल्फच्या मोठ्या स्पर्धेआधी कोणता खेळाडू धरायचा यावर तासभराचे व्हिडिओ निघतात. त्यात अभ्यास असतो, हे मान्य. खेळाडूचा फॉर्म, मैदान, वारा हे सगळं खरं असतं, स्वप्नातल्या सापासारखं नाही. पण तोच अभ्यास बुकीनेही केलेला असतो आणि दरात धरलेला असतो. यूएस ओपनला 156 खेळाडू उतरतात. एखाद्याचा दर रुपयाला वीस असेल, तर बुकीने त्याची शक्यता शंभरात पाच धरली. अशा सगळ्या खेळाडूंच्या शक्यता जोडत जा. बेरीज शंभरावर थांबत नाही, पुढे जाते. शंभराच्या वरचं ते बुकीचं. दहा आकड्यांतला उरलेला एक रुपया आता 156 नावांत वाटून ठेवलाय, म्हणून दिसत नाही, एवढंच.

आणि जाता जाता एक गंमत. कल्याण मटका म्हटलं की अनेकांना ठाण्याजवळचं कल्याण शहर आठवतं. त्या शहराचा याच्याशी काही संबंध नाही. ते नाव कल्याणजींचं आहे. ते जाऊन तीसेक वर्षं झाली, आणि अजूनही रोज संध्याकाळी कुणीतरी मोबाईलवर विचारत असतं की आज कल्याणला काय आलं.